पोवळ्याचा सातबारा

खानदेशात जमीन घ्यायला निघालेला माणूस भाव सगळ्यात शेवटी विचारतो. आधी सातबारा बघतो. फेरफार झालाय का, बँकेचा बोजा आहे का, बहिणींच्या सह्या झाल्यात का, शेताला वाट कुठून आहे, हे सगळं तलाठ्याकडे चार चकरा मारून तपासतो. केळीची रोपं घेताना कोणत्या लॅबची आहेत हे विचारल्याशिवाय गाडी भरत नाही. जळगावच्या सराफ बाजारात पावती मागितली म्हणून कोणी रागावत नाही. 'माल कुठून आला' हे विचारणं आपल्याकडे अविश्वासाचं लक्षण मानत नाहीत, व्यवहार कळत असल्याचं मानतात.

तोच माणूस फिश टँकच्या दुकानात निळ्या दिव्याखाली डुलणारं कोरल बघतो आणि विचारतो, "भाऊ, याला लाईट कोणता लागतो?"

माझं भांडण या प्रश्नाशी आहे. माझ्या जळगावच्या घरी दोनशे लिटरची खाऱ्या पाण्याची टाकी आहे. तिच्यात हॅचरीत जन्मलेले दोन क्लाऊनफिश आहेत आणि दुसऱ्यांच्या टाक्यांत कापून वाढवलेली काही मऊ कोरलं आहेत. त्यामुळे धुळे, चाळीसगाव, भुसावळकडच्या पोरांचे मेसेज येत असतात. बहुतेक माझ्याच वयाचे, बरेचसे माझ्यासारखेच सॉफ्टवेअरमध्ये, पुण्यातल्या कंपनीचं काम गावातल्या घरून करणारे. हातात पगार आहे, हॉलमध्ये मोकळी भिंत आहे. सगळ्यांचे प्रश्न तेच: दिवा किती वॅटचा, स्किमर कोणता, मीठ कुठलं. 'सुरुवात कशी करावी' या विषयावरचं जवळजवळ प्रत्येक मार्गदर्शन याच क्रमाने जातं. टाकी, पाणी, मीठ, दिवा, पंप, आणि अगदी शेवटी, 'आता आपल्या आवडीची कोरलं निवडा'. जणू कोरल म्हणजे पडद्याचा रंग.

हा क्रम उलटा आहे, आणि तो नुसता उलटा नाही, घातक आहे, असं माझं म्हणणं आहे. यादीतला पहिला प्रश्न 'हा जीव आला कुठून' हा असायला हवा. त्याचं उत्तर मिळेपर्यंत दिव्याचा विषयसुद्धा निघायला नको. आणि प्रामाणिक माणसालाही हे उत्तर मिळवता येऊ नये अशी व्यवस्था आपण करून ठेवली असेल, तर भांडण त्या व्यवस्थेशीही आहे.

दगड नव्हे, जनावर

मराठीत याला शब्द आहे: पोवळं. पण हा शब्द आपण दगडासाठी वापरतो. आपल्याच अमळनेरला मंगळ ग्रहाचं मंदिर आहे, दर मंगळवारी तिथे दूरदूरहून लोक येतात, आणि त्यांतल्या कित्येकांच्या बोटात पोवळ्याची अंगठी असते. म्हणजे समुद्रापासून शेकडो किलोमीटर आत असलेल्या खानदेशात पोवळं पिढ्यानपिढ्या आहेच, फक्त ते मंगळाचं रत्न म्हणून आहे. आयुर्वेदाच्या दुकानात ते प्रवाळ भस्म म्हणून आहे. ते एका प्राण्याचं हाड आहे, हे कोणाच्या डोक्यात येत नाही. दुसरीकडे फिश टँकच्या दुकानात जे विकतात त्याला 'कोरल' म्हणतात आणि ते शोभेची वस्तू म्हणून आहे. एक रत्न, दुसरी सजावट. या दोन शब्दांच्या मधल्या फटीत जनावर हरवून जातं.

अंगठीतलं लाल पोवळं मुख्यतः भूमध्य समुद्रातल्या अंधाऱ्या पाण्यात वाढणाऱ्या एका वेगळ्याच जातीचा सांगाडा असतो. त्याचा घरच्या टाकीशी संबंध नाही. टाकीत ठेवतात ती उथळ, उबदार, उन्हाच्या पाण्यातली कोरलं. त्यातला एकेक पॉलिप म्हणजे एक तोंड, त्याभोवती स्पर्शिका आणि खाली पोट, इतका साधा प्राणी. त्याच्या पेशींमध्ये सूक्ष्म शैवाल राहतं. ते उजेडात अन्न बनवतं आणि त्यातला मोठा वाटा यजमानाला देतं. पॉलिप पाण्यातलं कॅल्शियम आणि कार्बोनेट घेऊन आपल्याखाली चुन्याचा सांगाडा रचत जातो. असे हजारो पॉलिप एकत्र, पिढ्यानपिढ्या, म्हणजे कोरल. अशी लाखो कोरलं म्हणजे रीफ.

आता वाढीचा वेग बघा. फांद्या फुटणाऱ्या काही जाती झपाट्याने वाढतात, पण गोलसर, भरीव जाती वर्षाला सेंटिमीटरभर, कित्येकदा त्याहूनही कमी वाढतात. दुकानातलं वीतभर रुंदीचं ब्रेन कोरल समुद्रात दहा-पंधरा वर्षं तरी बसलेलं असतं. तुम्ही शाळेत होतात तेव्हापासून ते तिथे आहे. शनिवारी संध्याकाळी ते पिशवीत भरून आणायचं आणि पुढच्या मे महिन्यात वीज गेली की एका रात्रीत संपवायचं, याला छंद म्हणायचं का, ते ज्याचं त्याने ठरवावं.

दुकानातली तीन उत्तरं

'हे कुठून आलं' असं विचारून बघा. साधारण तीन उत्तरं मिळतात. 'इम्पोर्टेड आहे.' 'सॉफ्ट आहे, याला काही लागत नाही.' आणि आवाज खाली आणून, 'कोणी विचारत नाही हो.'

ही उत्तरं नीट तपासली पाहिजेत, कारण त्यांच्यामागे तुरुंग आहे. वन्यजीव (संरक्षण) कायदा १९७२चा. २००१ साली त्याच्या पहिल्या अनुसूचीत, म्हणजे वाघ आहे त्याच यादीत, रीफ बांधणारी सगळी कठीण कोरलं घातली गेली. त्यांच्यासोबत काळी कोरलं, ऑर्गन पाइप कोरल, फायर कोरल आणि समुद्रपंखेही. या कायद्यात 'शिकार' या शब्दाची व्याख्या प्राण्याला इजा करणं किंवा त्याच्या शरीराचा भाग काढून घेणं इथपर्यंत जाते. म्हणजे समुद्रात उतरून कोरलचा तुकडा मोडणं ही कायद्याच्या भाषेत शिकार आहे. पहिल्या अनुसूचीतल्या प्राण्याबाबतच्या गुन्ह्याला कमीत कमी तीन आणि जास्तीत जास्त सात वर्षं कैद आहे. २०२२च्या दुरुस्तीने किमान दंडही पंचवीस हजारांवर नेला.

'इम्पोर्टेड आहे' या उत्तराने यातलं काही टळत नाही. अनुसूचीत कोण्या एका भारतीय जातीचं नाव नाही, कठीण कोरलांचा अख्खा गण आहे. तुकडा मन्नारच्या आखातातला असो की इंडोनेशियातला, गण तोच. शिवाय या गणाचा आंतरराष्ट्रीय व्यापार साइट्स करारात येतो, त्यामुळे खरोखर बाहेरून कायदेशीर आलेल्या मालामागे परवाना असलाच पाहिजे. तो मागा. दुकानदार हसेल. ते हसणं म्हणजेच उत्तर समजा.

'सॉफ्ट आहे' हे उत्तर जास्त धोकादायक, कारण ते कधीकधी खरं असतं. झोअँथिड, मश्रूम, लेदर, झेनिया ही मंडळी कठीण कोरलांच्या गणात मोडत नाहीत आणि वरच्या यादीत नाहीत. पण टॉर्च, हॅमर, फ्रॉगस्पॉन, गोनिओपोरा? ही सगळी पाण्यात फुलासारखी डुलतात, हात लावला तर मऊ लागतात, आणि नवख्याला ती 'सॉफ्ट' म्हणून सहज खपतात. ही चारही कठीण कोरलं आहेत. मांसाच्या खाली चुन्याचा सांगाडा आहे. पिशवी उलटी करून खालून बघितलं तर दगडासारखा पाया दिसतो. आणि समुद्रपंखा खरोखर लवचिक असतो, कठीण कोरलांत मोडत नाही, तरी तो यादीत आहेच. म्हणजे बोटाने दाबून कायदा ओळखता येत नाही. नाव माहीत असावं लागतं, आणि नाव सांगण्याची जबाबदारी विकणाऱ्याची आहे.

'लाइव्ह रॉक' नावाचा आणखी एक प्रकार आहे. जिवाणूंनी भरलेला सच्छिद्र खडक म्हणून प्रत्येक मार्गदर्शनात त्याची शिफारस असते. हा खडक बहुतेक वेळा मेलेल्या कोरलांचा सांगाडाच असतो. वाघ मेला म्हणून त्याचं कातडं दिवाणखान्यात लावता येत नाही. मेलेल्या कोरलचंही तसंच.

राहिलं तिसरं उत्तर: कोणी विचारत नाही. हे मात्र खरं आहे. आतल्या जिल्ह्यातल्या वनकर्मचाऱ्याला बिबट्या, सागाची चोरी, वणवे यांतून उसंत नाही. टॉर्च कोरल ओळखायला त्याला कोणी शिकवलेलं नाही. पण तपासायला कोणी येत नाही म्हणून सातबारा न बघता शेत घेणारा माणूस मी खानदेशात पाहिलेला नाही.

कायदा उगाच आला नाही

हे वाचून कोणी म्हणेल, दोन तुकड्यांसाठी वाघाचं कलम, हा अतिरेक झाला. तर कायदा का आला तेही बघू. तमिळनाडूच्या किनाऱ्यावर, मन्नारच्या आखातात, कित्येक दशकं कोरल फोडून होड्या भरून आणत. त्याचा चुना करत, बांधकामाला आणि कारखान्यांना विकत. कच्छच्या आखातातही सिमेंटसाठी कोरलमिश्रित वाळू उपसली गेली. ज्याला आपण रीफ म्हणतो ती त्या काळी खाण होती. २००१च्या निर्णयाने त्या खाणकामाला गुन्हा ठरवलं, आणि त्यासाठी इतका जाड कायदा लागतच होता. तो नसता तर आज ज्यावर वाद घालावा असं काही उरलं नसतं.

आणि हे काही फक्त दक्षिणेचं प्रकरण नाही. महाराष्ट्राला कोरलं आहेत. मालवणला, सिंधुदुर्ग किल्ल्याच्या आसपास, १९८७ साली जाहीर झालेलं सागरी अभयारण्य आहे, आणि उन्हाळ्याच्या सुट्टीत स्नॉर्केलिंग करून आलेला प्रत्येक जळगावकर त्यांच्यावरून पोहून आलेला असतो. विजयदुर्गच्या पश्चिमेला, शंभरेक किलोमीटर आत समुद्रात, कान्होजी आंग्रे यांचं नाव मिरवणारी आंग्रिया बँक आहे. पाण्याखालचं हे पठार कोरलांनी भरलेलं आहे. इतकंच काय, मुंबईत वरळी आणि हाजी अलीच्या खडकांवर, त्या गढूळ पाण्यातसुद्धा कोरलं आहेत. त्यांच्याकडे पुढे येतोच.

'आम्ही रीफ वाचवतो'

या छंदातल्या जाणत्या लोकांचा एक आवडता दावा आहे. समुद्र तापतोय, रीफ मरतायत, उद्या सगळं संपलं तर आमच्या टाक्यांतूनच कोरलं परत नेता येतील. ऐकायला छान आहे. यातला काही भाग खराही आहे. तुकडे कापणं, चिकटवणं, वाढवणं याचे बरेच बारकावे हौशी लोकांनी आपापल्या टाक्यांत शोधले, हे मान्यच करायला हवं.

पण जळगावच्या मे महिन्यात हा दावा तपासून बघा. कोरलांना पाणी २५ ते २७ अंशांच्या आसपास लागतं. बाहेर पारा पंचेचाळीसच्या पुढे. टाकीचा चिलर पाण्यातली उष्णता काढून खोलीत टाकतो, म्हणजे खोलीलाही एसी लागतो. एसी आणि चिलर दोन्ही विजेवर, आणि वीज उन्हाळ्यात नेमकी भर दुपारी जाते. इन्व्हर्टर पंप चालवेल, चिलर फार वेळ ओढणार नाही. आमच्या धंद्यात याला सिंगल पॉइंट ऑफ फेल्युअर म्हणतात. घरच्या टाकीत असे पॉइंट निदान चार आहेत आणि चारही एकाच तारेला लटकलेले. जे स्वतः महावितरणच्या भरवशावर जगतं ते हिंद महासागराला काय वाचवणार?

एक गोष्ट मात्र ही टाकी शिकवते, आणि ती पुस्तकातून तितकीशी कळत नाही. ती म्हणजे एका अंशाची किंमत. कोरल ज्या समुद्रात राहतं तिथल्या नेहमीच्या उन्हाळी कमाल तापमानापेक्षा पाणी फक्त एक अंशाने वर गेलं आणि काही आठवडे तसंच राहिलं, की पॉलिप आतलं शैवाल बाहेर टाकतो. रंग जातो, खालचा पांढरा सांगाडा दिसतो. याला ब्लीचिंग म्हणतात. तेव्हा ते मेलेलं नसतं, उपाशी असतं. पाणी लवकर निवलं तर वाचतं. १९९८, २०१० आणि २०१४ ते २०१७ या काळात जगभर हे झालं. चौथी जागतिक लाट चालू असल्याचं एप्रिल २०२४ मध्ये जाहीर झालं आणि त्याच उन्हाळ्यात लक्षद्वीपची कोरलं पांढरी पडली. मालवणच्या कोरलांतही ब्लीचिंगची नोंद झालेली आहे.

पंचेचाळीस अंशांत वाढलेल्या आपल्याला एक अंश म्हणजे काहीच वाटत नाही. 'आज जरा कमी आहे, त्रेचाळीसच' असं म्हणणारी माणसं आपण. त्यामुळे टाकीच्या थर्मामीटरवर २८.५ बघून ज्याच्या पोटात गोळा आला, त्याला समुद्राची बातमी वेगळी ऐकू येते हे खरं. पण समजणं म्हणजे वाचवणं नव्हे. समुद्रातून मोडून आणलेलं कोरल काचेत ठेवून 'संवर्धन' म्हणणं हे तर बिबट्याचं पिल्लू घरी आणून जंगल वाचवल्यासारखं आहे.

समुद्र नाही तिथे

यावर दुसऱ्या टोकाचे लोक खूश होतात. त्यांचं म्हणणं साधं असतं: समुद्र नाही तिथे समुद्र कशाला पाहिजे? नळाला पाणी नाही आणि तुम्हाला खारं पाणी हवं! गावात राहता तर गावासारखे राहा.

पाण्याचा मुद्दा मी हसण्यावारी नेत नाही. बोअरचं पाणी चालत नाही, त्याने बादलीलाच पांढरा थर बसतो. आरओ आणि त्यापुढे डीआय फिल्टर लावावा लागतो, आणि आरओ एक लिटर देताना दोन-तीन लिटर बाहेर टाकतो. धुळेकरांना नळाची वाट बघण्याचा अनुभव जुना आहे. तिथे हे बाहेर टाकलेलं पाणी भांड्यांना, फरशीला, संडासाला वापरायची सोय आधी नसेल, तर टाकी घेऊच नये, असं मी सरळ सांगतो.

पण 'तुमच्याकडे समुद्र नाही' हा युक्तिवाद मला मान्य नाही. आपल्यातल्या कित्येकांनी समुद्र पहिल्यांदा काचेतूनच बघितला. शाळेची सहल मुंबईला जायची, राणीची बाग, गेटवे आणि मरीन ड्राइव्हवरचं तारापोरवाला मत्स्यालय. १९५१ साली सुरू झालेल्या त्या इमारतीने आतल्या जिल्ह्यांतल्या पोरांच्या कितीतरी पिढ्यांना खाऱ्या पाण्यातला जीव दाखवला. समुद्राबद्दल वाटायला किनाऱ्यावर जन्मावं लागत असेल, तर समुद्र वाचवायला फक्त चार-पाच जिल्हे उरतील.

आणि 'इथलं नाही ते इथे कशाला' हा नियम लावायचाच तर केळीपासून सुरुवात करावी लागेल. दमट, पावसाळी मुलखातलं हे पीक. ते रावेर-यावलच्या कोरड्या उन्हात ठिबकवर उभं आहे आणि त्यावर अख्खा जिल्हा चालतो. तिथे कोणी विचारत नाही की केळीला खानदेश कशाला.

केळीचा कंद

केळीवरच मी थांबणार आहे, कारण या भांडणाचं उत्तर तिच्यात आहे.

आपण खातो त्या केळीला बी नसतं. ती आईच्या बुंध्यातून फुटते. पूर्वी शेतकरी चांगल्या बागेतून कंद आणून लावत. १९९०च्या दशकापासून जळगावात जैन इरिगेशनने ग्रँड नैन जातीची टिश्यू कल्चरची रोपं आणली, आणि आज ज्याला आपण जी-नाईन म्हणतो ती एकसारख्या रोपांची बाग उभी राहिली. मुद्दा हा की कोणीही केळीसाठी जंगलात जात नाही. रोप कोणत्या आईचं, कोणत्या लॅबचं, कधी कडक केलं, हे माहीत असतं. मागणी कितीही वाढली तरी जंगलातलं एक झाड कमी होत नाही.

कोरलचंही नेमकं हेच होऊ शकतं. चांगल्या वाढलेल्या वसाहतीची एक फांदी कापायची, सिरॅमिकच्या छोट्या चकतीवर जेलच्या सुपरग्लूने चिकटवायची, संथ प्रवाहात ठेवायची. दोनेक आठवड्यांत जखम भरते, मग पाया चकतीवर पसरू लागतो. काही महिन्यांत ते स्वतंत्र कोरल असतं, जनुकांनी आईसारखंच. याला फ्रॅग म्हणतात. जगातले प्रामाणिक छंदी लोक असेच फ्रॅग एकमेकांना देतात. इंडोनेशियाने २०१८ मध्ये कोरलांची निर्यात थांबवली होती; २०२० मध्ये ती पुन्हा सुरू झाली ती पैदास केलेल्या कोरलांवर भर देऊन. तिथल्या किनाऱ्यावरच्या गावांना हा रोजगार आहे.

आपल्याकडे? पहिल्या अनुसूचीतला प्राणी मुख्य वन्यजीव रक्षकाच्या आगाऊ लेखी परवानगीशिवाय बाळगता येत नाही, आणि 'बंदिस्त प्राणी' या व्याख्येत पकडलेला आणि बंदिस्तीत जन्मलेला दोन्ही येतात. म्हणजे रीफवरून मोडलेलं ब्रेन कोरल आणि दहा पिढ्या टाकीत कापत कापत आलेला बोटाएवढा फ्रॅग, दोन्हीला एकच कलम. खाणीतला चोर आणि रोपवाटिकेतला माळी यांना कायदा एकाच नजरेने बघतो. परिणाम काय? माळी घाबरून थांबतो. चोर थांबत नाही, कारण तो कागदाच्या वाटेने येतच नव्हता.

सरकारला कोरल कापणं, हलवणं, जगवणं जमत नाही असंही नाही. मुंबईच्या सागरी किनारा मार्गाच्या भरावात वरळी आणि हाजी अलीची कोरलं येत होती, तेव्हा २०२० मध्ये वनखात्याच्या परवानगीने आणि राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेच्या शास्त्रज्ञांच्या हातून अठरा वसाहती उचलून दुसरीकडे लावल्या गेल्या. त्याच वर्षी गुजरातच्या मिठापूरला भारतीय प्राणी सर्वेक्षण संस्थेने पाण्याखाली लोखंडी सांगाडे उभारून, त्यांत सौम्य वीज सोडून, कोरलांचे तुकडे वाढवायचा प्रयोग सुरू केला. केंद्रीय सागरी मत्स्यसंशोधन संस्थेने क्लाऊनफिशची पैदास कधीच करून दाखवली आहे. लक्षद्वीपच्या अगत्ती बेटावर स्थानिक बायका शोभेच्या कोळंब्या वाढवतात, तेही एका सरकारी संशोधन संस्थेच्या मदतीने. म्हणजे रस्त्याच्या आड आलेल्या कोरलला कायद्यात वाट सापडते, माशाला आणि कोळंबीला रोपवाटिका मिळते. फक्त कोरलची रोपवाटिका काढायची म्हटलं की वाघाची अनुसूची आठवते.

नोंदणीची यंत्रणा नाही असंही म्हणता येणार नाही. परदेशी पोपट आणि इग्वाना पाळणाऱ्यांसाठी केंद्राने २०२४ मध्ये नियम काढले आणि परिवेश पोर्टलवर नोंद करायला लावली. जो देश पोपटाची जन्मनोंद ऑनलाइन ठेवू शकतो तो फ्रॅगचीही ठेवू शकतो. हे माझं रोजचं काम आहे म्हणून सांगतो, यातला डेटाबेस हा सगळ्यात सोपा भाग आहे.

यावरचा खरा आक्षेप मला माहीत आहे आणि तो हलका नाही. पैदाशीची वाट उघडली की समुद्रातला माल तिच्यातूनच धुऊन निघेल. चोरीचं कोरल चकतीवर चिकटवून 'फार्मचं' म्हणून विकलं जाईल. पक्ष्यांच्या व्यापारात जगभर हेच झालेलं आहे. म्हणून मी 'सगळं खुलं करा' म्हणत नाही. माझी मागणी अरुंद आहे. आईच्या वसाहती सरकारी संस्थांकडून द्या, त्यांची जनुकीय नोंद ठेवा. मोजक्याच परवानाधारक रोपवाटिका. विक्री फक्त क्रमांक असलेल्या चकतीवरची आणि ठरावीक आकारापेक्षा लहान, म्हणजे वीतभर वसाहत दिसली की वेगळा पुरावा न लागता ती जप्त. झपाट्याने वाढणाऱ्या जातींपुरतीच सुरुवात. आणि समुद्रातून तोडणाऱ्याला आजची शिक्षा तशीच, एक दिवसही कमी न करता. टिश्यू कल्चरचं रोप आणि रानातून उपटलेलं झाड यांत फरक करायला आपल्या शेतकऱ्याला पीएचडी लागत नाही. वनखात्यालाही ते शिकता येईल.

मग सुरुवात कशी करायची

हे सगळं होईपर्यंत मी काय करतो, असं विचारतात. मी कठीण कोरल ठेवत नाही. टॉर्च मला फार आवडतं, ते माझ्या टाकीत नाही. कायद्याला नावं ठेवत तो पाळता येतो. किंबहुना पाळल्याशिवाय नावं ठेवायचा हक्क लागू होत नाही, असं माझं मत आहे.

तेव्हा धुळ्याच्या, भुसावळच्या मित्रांना माझा क्रम असा. आधी उगम. जे विकत घ्यायचं त्याचं शास्त्रीय नाव विचारा, ते कठीण कोरल नाही, समुद्रपंखा नाही, याची खात्री करा, आणि ते कोणाच्या टाकीत वाढलं ते विचारा. मश्रूम, झोअँथिड, लेदर कायद्याच्या यादीत नाहीत म्हणून ती समुद्रातून ओरबाडलेली चालतील, असंही नाही. कापून वाढवलेलीच घ्या. ती इतकी झपाट्याने वाढतात की वर्षभरात तुम्हीच दुसऱ्याला द्याल. मासे हॅचरीतले. समुद्रघोडा कोणी देऊ केला तर नको म्हणा, तोही पहिल्या अनुसूचीत आहे. लाइव्ह रॉकऐवजी सिरॅमिकचा कृत्रिम खडक. त्यावर जिवाणू बसायला थोडा जास्त वेळ लागतो, एवढाच तोटा.

मग वीज आणि उष्णता. टाकी एप्रिल-मेमध्ये नुसत्या पाण्यावर चालवून बघा. मासा नाही, कोरल नाही. त्या दोन महिन्यांत तापमान रोज लिहून ठेवा. ते २७च्या आसपास ठेवता आलं नाही, तर तुमच्या घरात ही टाकी होणार नाही, आणि हे कळायला कोणाचा जीव गेला नाही हे बरं. चिलर टाकीपेक्षा महाग पडतो, तो हिशेब पहिल्या दिवशी मांडा. मग पाणी. आरओ-डीआय, लिटरला ३५ ग्रॅम रीफ सॉल्ट, म्हणजे दोनशे लिटरला सात किलो. स्वयंपाकाचं मीठ चालत नाही. उन्हाळ्यात रोज चार-पाच लिटर पाणी उडून जातं, मीठ मागे राहतं, म्हणून भर घालायची ती गोड्या शुद्ध पाण्याची. मग धीर. अमोनियाचं नायट्राइट आणि त्याचं नायट्रेट करणारे जिवाणू जमायला चार-सहा आठवडे द्या, अमोनिया आणि नायट्राइट शून्य आल्याशिवाय काही आणू नका. आणि या सगळ्यानंतर, सगळ्यात शेवटी, दिवा. मऊ कोरलांना तो फार मोठा लागतच नाही.

हे ऐकून निम्मे लोक परत मेसेज करत नाहीत. मला त्याचं वाईट वाटत नाही. उरलेल्या निम्म्यांकडून माझी एकच अपेक्षा आहे. दुकानात उभं राहून, चार गिऱ्हाईकांना ऐकू जाईल अशा आवाजात, 'याचा कागद दाखवा' म्हणावं. नसेल तर पैसे खिशात ठेवून निघावं. दहा जण असे रिकाम्या हाताने बाहेर पडले, की अकरावा येईपर्यंत दुकानदार कागद असलेला माल शोधू लागेल. असा माल आपल्या देशात तयार का होत नाही, हा प्रश्न मग आपल्याला नाही, त्यालाच सतावेल, आणि व्यापाऱ्याला सतावलेले प्रश्न सरकारपर्यंत जरा लवकर पोहोचतात.